अल्कोहोल मार्करने इमारती रंगवायच्या आहेत: काय घ्यावं, काय टाळावं?

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. मी काळ्या फाइनलायनरने इमारती काढते. खोताची वाडी, ठाकुरद्वारच्या चाळी, फोर्टातल्या कमानी असं काहीबाही. आता त्यात रंग हवाय. जलरंगांशी वैर नाही, पण फुटपाथवर उभं राहून पाणी, पॅलेट आणि ब्रश सांभाळायला तिसरा हात लागतो. म्हणून मार्कर घ्यायचं ठरवलंय.

ऑनलाइन १६८ रंगांचा एक सेट रोज डोळा मारतो. दुसरीकडे जो तो कॉपिकचं नाव घेतो, पण त्यातल्या एका मार्करची किंमत बघून ब्राउझर बंद केला. बजेट तीन हजारांच्या आसपास, फार तर थोडं वर. मोठा स्वस्त सेट घेऊ की थोडेच पण चांगले? कागद कुठला? आणि मुंबईत हातात घेऊन बघता येतील असे कुठे मिळतात?

सुतळीबॉम्ब
अल्कोहोल मार्कर? परमिट काढलंत का?

पार्लेकरीण
@सुतळीबॉम्ब, आलास का धाग्यावर. आता ड्राय डेला चालतात का तेही विचारून घे.

@शाईचा_डाग, आधी एक गोष्ट पक्की करा, कारण दुकानदारही यात गल्लत करतात. टॉम्बोचे ड्युअल ब्रश पेन किंवा डॉम्सचे ब्रश पेन हे पाण्याचे. अक्षरलेखनाला झकास, पण मोठी भिंत भरायला घेतली की पट्टे दिसतात, आणि त्याच जागी दोनतीनदा फिरवलं की कागदाची लव निघते. अल्कोहोलच्या मार्करमध्ये रंगद्रव्य स्पिरिटमध्ये विरघळलेलं असतं. ओलं असेपर्यंत शेजारच्या रंगात शिरतं, आणि स्पिरिट उडालं की सपाट बसतं. तुम्हाला इमारती रंगवायच्यात, म्हणजे हेच हवेत.

१६८ चा सेट मात्र नको. त्यात गुलाबी आणि जांभळ्यांची पलटण असते, आणि तुम्हाला लागणारे मातकट, शेवाळी, करडे रंग मोजून चार.

वडाळा_ब्रिज
पार्लेकरीण यांच्याशी असहमत. सेट घ्याच, १६८ नको तर ४८ चा घ्या. ओहुहू, ब्रुस्ट्रो वगैरे. कारण सांगतो. मार्करचं मिश्रण जमायचं तर शाई सढळ हाताने सोडावी लागते. महागडा मार्कर हातात आला की माणूस काटकसरीने चालवतो, कोरडा कोरडा फिरवतो, आणि मग म्हणतो की रंग मिसळतच नाही. आधी स्वस्तातले घेऊन हात मोकळा होऊ द्या. कुठला रंग आधी संपतो ते दिसेल, तो मग चांगल्यातला घ्या.

फक्त घेताना ब्रशसारखं लवचिक टोक आहे ना ते पाहा. बऱ्याच स्वस्त सेटमध्ये एक टोक छिन्नीसारखं आणि दुसरं बारीक कडक असतं. दोन्हीने रंग भरता येतो, पण फटकारा मारून रंग विरळ करत नेणं ब्रश टोकानेच जमतं.

बोरीबंदर
धागा उशिरा पाहिला. मार्करवर चर्चा रंगलीय, पण कागदाबद्दल कोणी बोलेना. माझं सरळ मत: तीन हजार असतील तर त्यातले हजारभर कागदाला ठेवा आणि मग उरलेल्यात मार्कर बघा.

साध्या ७५ जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्स कागदावर कॉपिक चालवलात तरी तो चांगला दिसणार नाही. शाई धाग्याधाग्यातून पसरते, रेघेबाहेर जाते, मागून फुटते आणि खालच्या पानालाही प्रसाद देते. जलरंगाचा खरखरीत कागद त्याहून वाईट, कारण तो शाई पितो आणि टोकाची वाट लावतो. हँडमेडचं तर नावच नको. मार्करला गुळगुळीत आणि घट्ट कागद लागतो. ब्रिस्टॉल स्मूद, १८० ते २५० जीएसएम, हा सगळ्यांत बिनधोक. खास मार्कर पेपर मिळतो तो पातळ असतो, ७० जीएसएमच्या आसपास. त्याला शाई मागे जाऊ नये म्हणून लेप दिलेला असतो. त्यावर रंग चकचकीत उठतात, पण रंग आत मुरत नाही, त्यामुळे थरावर थर देणाऱ्याला तो कमी पडतो.

मी ऐंशीच्या दशकात जाहिरात एजन्सीत लेआउटला होतो. तेव्हाचे मार्कर झायलिन नावाच्या उग्र द्रावकाचे. दुपारपर्यंत डोकं धरायचं, एसीची खोली म्हणून खिडकीही उघडत नसे. आणि मोठी गोची म्हणजे झेरॉक्सच्या काळ्या रेघेवर मार्कर नेला की टोनर विरघळून काळा ओघळ यायचा. जपानच्या टू कंपनीने १९८७ साली कॉपिक बाजारात आणले ते याच दुखण्यावर. अल्कोहोलची शाई टोनरला हात लावत नाही, म्हणून कॉमिक्स आणि डिझाइनवाले झेरॉक्सवर थेट रंगवू लागले.

याचा तुम्हाला आजही फायदा आहे. मूळ शाईचं चित्र जपून ठेवा, त्याची लेझर प्रत जाड गुळगुळीत कागदावर काढून घ्या आणि त्यावर रंगवा. बिघडली तर दुसरी प्रत. सगळ्यांचं टोनर सारखं नसतं, तेव्हा कोपऱ्यात एक रेघ मारून बघायची.

शाईचा_डाग
काका, हे सोन्यासारखं सांगितलंत! मूळ चित्रावर रंग घालायचीच भीती वाटत होती. झेरॉक्सवाला १८० जीएसएमचा कागद मशीनमध्ये घालू देईल का पण?

बोरीबंदर
कॉलेजच्या आसपासचे घालू देतात. बायपास ट्रेमधून एकेक पान सरकवायला सांगा. कुरकुर करेल, पण करेल.

टिंबटिंब
ब्रिस्टॉल परवडत नसेल तर आयव्हरी कार्ड बघा, २१० जीएसएमच्या पुढचं. मोठा शीट घ्यायचा आणि घरी चार तुकडे करायचे. प्रत्येक आयव्हरी सारखं नसतं. काहींचा लेप इतका चोपडा असतो की शाई वरच तरंगते आणि बोट लागलं की निघते. एक शीट आणा, वापरून बघा, मग पंचवीस आणा.

निळी_शाई
रेघेच्या शाईबद्दल लिहिते, कारण ताई रेघेवाल्या आहेत. पिग्मा मायक्रॉन किंवा युनी पिनसारखे पिगमेंट शाईचे (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचे) पेन असतील तर काळजी नाही, फक्त नीट वाळू द्या. बॉलपेन आणि बरीचशी जेल पेनं स्पिरिटने फुटतात.

पण कोणी टाक किंवा ब्रशने बाटलीतली काळी वॉटरप्रूफ शाई वापरत असेल तर सावध. वॉटरप्रूफ म्हणजे अल्कोहोलप्रूफ नव्हे. जुन्या पद्धतीच्या ड्रॉइंग इंकमध्ये शेलॅक असतं, म्हणजे आपली लाख. ती वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटमध्ये सुखेनैव विरघळते. फ्रेंच पॉलिशवाले सुतार चपडा स्पिरिटमध्येच भिजवतात की! त्यावर मार्कर नेला की काळं रंगात उतरतं आणि मार्करचं टोकही मळतं. अशी शाई असेल तर आधी रंग, मग रेघ.

कोथिंबीर
थोडं अवांतर. मुलगा यंदा एलिमेंटरीला बसतोय. डिझाइनच्या पेपरला मार्कर वापरले तर चालतील का? पोस्टर कलरचे पट्टे काही केल्या सरळ येत नाहीत त्याचे.

पार्लेकरीण
शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना विचारा, फोरमवर विचारून परीक्षेला पाठवू नका. आणि पट्टे सरळ येत नसतील तर रंग पातळ झालाय. दह्याइतका दाट हवा, आणि चपटा ब्रश.

सुतळीबॉम्ब
आमच्या वेळी कॅमलच्या बाटलीत पाणी घालून घालून शेवटी लालचा गुलाबी व्हायचा. तोच खरा ग्रेडेशनचा अभ्यास.

वडाळा_ब्रिज
कॅमल म्हटलं की ऊर भरून येतो. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरुवात केली, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक दप्तरात उंट जाऊन बसला. २०११ पासून जपानच्या कोकुयोकडे आहे. म्हणजे बघा, मार्कर घ्या की पोस्टर कलर, पैसे जपानलाच.

चाळकरी
मूळ मुद्द्यावर येऊ का? रंग कुठले घ्यायचे ते कोणीच सांगत नाहीये, आणि मीही चाळीच काढतो.

सेट कुठलाही घ्या, पण निवड अशी करा की एकाच कुळातल्या तीन छटा जवळ असतील: फिका, मध्यम, गडद. सुटे बारा वेगवेगळे रंग म्हणजे बारा सपाट ठिगळं. कॉपिकचे आकडे यासाठीच असतात. अक्षर म्हणजे रंगाचं कूळ, पहिला आकडा म्हणजे रंग किती मळका, शेवटचा आकडा म्हणजे किती गडद. ई३१, ई३३, ई३५, ई३७ ही मातकट तपकिरीची एक उतरंड झाली. पहिला आकडा तोच आणि शेवटचा दोनदोनने चढता, असे घेतले की डोळे झाकून मिसळतात. बाकी कंपन्यांचे आकडे वेगळे चालतात, तिथे नजरेने जुळवा.

आता चाळीचा लाकडी कठडा घ्या. सगळा भाग आधी फिक्याने ओला करायचा. वाळायच्या आत, जिथे सावली पडते त्या बाजूने मध्यम रंग आत ओढायचा, फटकाऱ्याने, म्हणजे टोक उचलताना रंग विरळ होत जातो. लगेच पुन्हा फिका घेऊन दोघांच्या सीमेवर गोलगोल फिरवायचा. गडद अगदी शेवटी, आणि फक्त कठड्याच्या खालच्या अंगाला आणि गजांमधल्या खाचांत. रेघेपर्यंत नेऊ नका, केसभर अलीकडे थांबा, शाई उरलेलं अंतर स्वतःच चालून जाते. ओला असताना रंग भडक दिसतो, वाळल्यावर एक पायरी उतरतो, त्यामुळे घाबरून वर काही थापू नका. दोन मिनिटं थांबून बघा.

आणि करडे घ्या! उबदार करड्याच्या तीन छटा, कॉपिकमध्ये डब्ल्यू१, डब्ल्यू३, डब्ल्यू५. मुंबईच्या भिंतीला कुठलाही रंग दिलेला असो, चार पावसाळ्यांनी तो करडाच होतो. पिस्ता रंगाची भिंत रंगवून वाळू दिली आणि छज्ज्याखाली त्यावर डब्ल्यू३ चा एक हात मारला की ओल आलीच म्हणून समजा.

शाईचा_डाग
चाळकरी, प्रतिसाद छापून भिंतीवर लावते. पावसाळ्यातली निळी ताडपत्री कशी करता? माझ्या अर्ध्या चित्रांत ती आहेच.

चाळकरी
ताडपत्रीला मिश्रण नको. ती चकचकीत असते, तिच्यावर उजेड तुकड्यातुकड्यांनी पडतो. फिका निळा सगळीकडे, वाळू द्या, मग घड्यांच्या सावल्या गडद निळ्याने टोकदार, अजिबात न मिसळता. वरून पांढऱ्या जेल पेनने दोनचार चकाकत्या रेघा, सिग्नो किंवा जेली रोल. पांढरं सगळ्यांत शेवटी. त्यावर पुन्हा मार्कर नेला तर पांढरं उखडतं आणि टोकात अडकतं.

मिरचीपाव
हे सगळं वाचून वाटतं, सरळ पोस्का घ्यावे. पिगमेंटचे असतात, झाकून टाकतात, काळ्या कागदावरही चालतात, आणि वास नाही.

चाळकरी
पोस्का छान आहेत, पण ते रंग म्हणजे झाकणच. खालची शाईची रेघ दिसायला हवी असेल तर उपयोग नाही. ताईंचं सगळं काम रेघेत आहे.

निळी_शाई
एक कडू गोष्ट सांगून ठेवते. अल्कोहोल मार्करमधला रंग डाय, म्हणजे विरघळणारा रंग, असल्यामुळे उन्हात उडतो. गॅलरीसमोर फ्रेम करून लावलेलं चित्र हळूहळू फिकट होतं, आधी गुलाबी आणि जांभळे जातात. विकायचं किंवा कोणाला द्यायचं असेल तर आधी चांगलं स्कॅन करा आणि पिगमेंट शाईची प्रत द्या. मूळ चित्र फाइलमध्ये, अंधारात.

मिरचीपाव
उडणारच असेल तर रंगवायचं कशाला?

बोरीबंदर
आमची एजन्सीतली कामं सोमवारी क्लायंटने पाहिली की मंगळवारी रद्दीत जायची. तरी रात्र रात्र जागून करायचो. मार्कर हे मुळात वेगाचं साधन आहे. टिकाऊपणा हवा असेल तर पिगमेंटचे जलरंग घ्या. यात चूकबरोबर काही नाही, काय हवंय ते आधी ठरवा.

कोथिंबीर
अजून एक अवांतर. वरचं सगळं वाचून आणलेला सेट लेकाने आज डायनिंग टेबलवर चालवून बघितला. सनमायकावर जांभळं सूर्यफूल आहे. काय करू?

सुतळीबॉम्ब
फ्रेम.

पार्लेकरीण
कोविडात आणलेलं सॅनिटायझर घरात कुठेतरी असेलच. कापसावर घेऊन पुसा. ज्या स्पिरिटने रंग बसतो त्यानेच सुटतो. सनमायका, काच, टाइल्स यांवरून निघतो. पॉलिश केलेल्या लाकडावर मात्र नको, वर निळी_शाई यांनी लाखेचं लिहिलंय ते वाचा, पॉलिशही जाईल. आणि कपड्यांवर लागला तर राम म्हणा.

कोथिंबीर
निघालं! सासूबाई यायच्या आत. उपकार झाले.

टिंबटिंब
मुंबईकरांसाठी एक राहिलं. जून ते सप्टेंबर कागद सादळतो. सादळलेल्या ब्रिस्टॉलवर रेघ नीट बसत नाही, शाईला पिसं फुटतात. पॅड झिप पिशवीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. चपलांच्या खोक्यातल्याही चालतात. आणि दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवायचे. पेनस्टँडमध्ये उभे ठेवले की वरचं टोक कोरडं राहतं.

कुठे मिळतात: क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला घाऊक स्टेशनरीची रांगच आहे. देशी सेट, कार्ड शीट, फाइनलायनर तिथे. सुटे परदेशी मार्कर हवे असतील तर खास आर्ट मटेरियलची दुकानं गाठा. जेजे तिथून चालत जाण्याइतकं आहे, मुलांना विचारलंत तर आज कुठे काय आलंय ते तीच सांगतील. दुकानात झाकण उघडून, तुमच्याच कागदाच्या तुकड्यावर रेघ मारून बघा. झाकणाच्या रंगावर विश्वास ठेवू नका, कुठल्याच कंपनीच्या.

वडाळा_ब्रिज
+१ झाकणाला. एका संकेतस्थळावरून मागवलेल्या सेटमध्ये 'ऑलिव्ह' म्हणून चक्क मोहरीचा रंग आला होता, आणि तीनचार मार्कर आलेच ते सुकलेले. घरी आणल्याआणल्या, ज्या कागदावर काम करणार त्याच कागदावर सगळ्यांचे चौकोन रंगवून तक्ता करा. एक हात आणि दोन हात असे दोन्ही. दुसऱ्या हाताला रंग गडद होतो, म्हणजे एका मार्करमध्ये फुकट दोन छटा मिळतात.

मिरचीपाव
माणसं काढणाऱ्यांनी काय करायचं? सेटमधले त्वचेचे रंग म्हणजे सगळे गुलाबी पाव. आपल्याकडचा एक चेहरा त्यात बसत नाही.

निळी_शाई
'स्किन टोन' लिहिलेला डबा घेऊ नका. चाळकरींनी सांगितलेली तपकिरी उतरंडच घ्या. सावलीला करडा किंवा काळा न घेता फिकट जांभळ्याचा हात आधी द्या, वाळला की वरून तपकिरी. सावळी त्वचा जिवंत दिसते. लाकडाचे आणि माणसांचे मार्कर एकच, पैसे वाचले.

शाईचा_डाग
मंडळी, खरेदी झाली. ए४ ब्रिस्टॉल स्मूदचं पॅड, देशी ब्रश टोकाचा २४ चा सेट, आणि त्यात नसलेले उबदार करडे तीन सुटे, कॉपिक चाओ. ते 'कॉपिक स्केच' मार्करपेक्षा स्वस्त पडले आणि रीफिलही होतात. पांढरं जेल पेनही घेतलं. बजेट थोडं सांडलं, पण १६८ वाला सेट कार्टमधून काढून टाकला. झेरॉक्सवाल्याने खरंच कुरकुर केली आणि खरंच केलं.

एक शंका. सेटमध्ये रंग नसलेला एक ब्लेंडर मार्कर आलाय. त्याने दोन रंग मिसळायचा प्रयत्न केला तर मध्ये पांढरट डागच पडतो.

चाळकरी
त्याचं नाव फसवं आहे. त्यात नुसतं द्रावण असतं, ते रंगाला पुढे ढकलतं, म्हणून मध्ये जागा फिकट होते. मिसळायचं काम फिक्या मार्करनेच करा. ब्लेंडर ठेवा तो रेघेबाहेर गेलेला रंग परत आत ढकलायला. बाहेरच्या बाजूने आत, असं. शिवाय जुनाट भिंतीवर रंग वाळल्यावर त्याचे ठिपके दिले की पोपडे गेल्यासारखं दिसतं. तुम्हाला रोज लागेल.

पार्लेकरीण
करडे सुटे घेतलेत हे बेस. २४ मधले गुलाबी कोथिंबीरच्या लेकाला द्या.

कोथिंबीर
नको हो!

मिरचीपाव
मला द्या, मला चालतील. या रविवारी कोणी अब्दुल रेहमानला येतंय का? ब्रिस्टॉल घ्यायचंय, दोघांनी मिळून घेतलं तर घाऊक भाव मिळेल.

टिंबटिंब
रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारनंतर चला, मलाही आयव्हरी संपलंय. सीएसएमटीच्या सबवेपाशी भेटू, वेळ व्यनिने कळवतो.